जुन्या पिकअपच्या सस्पेन्शनचे बुश बदलायचे आहेत : नेमके कोणते आणि कोणत्या पद्धतीने?

शिवारवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे निफाड तालुक्यात २००९ सालची डिझेल पिकअप आहे. पुढे दोन्ही बाजूंना चाक धरणारे वरचा आणि खालचा आर्म व टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा), तर मागे पाटे (लीफ स्प्रिंग) अशी तिची रचना आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम स्थितीत असल्यामुळे गाडी विकण्याचा विचार नाही. टोमॅटोच्या हंगामात ती क्रेट घेऊन पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाते, एरवी खते, पाइप, मजूर अशी सगळीच कामे तिच्यावर असतात. मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट काळ्या मातीची आहे, त्यामुळे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वाळून टणक झालेल्या चाकोऱ्या, दोन्ही तिच्या वाट्याला येतात.

तक्रार अशी आहे की गाडी रिकामी असताना गतिरोधकावरून उतरली की मागून खणखणीत आवाज येतो, आणि भरलेली असताना तोच आवाज जवळजवळ नाहीसा होतो. पहिल्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकून क्लच सोडला की मागे एक ठोका बसतो. याशिवाय ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढते आणि पुढचा डावा टायर आतल्या बाजूने खाल्ला गेला आहे. एका गॅरेजमध्ये दाखवले असता चारही शॉकअप आणि टाय रॉड एंड बदलावे लागतील असे सांगण्यात आले. ते बदलूनही आवाज आणि ओढ जिथल्या तिथे आहे. आता तेच गॅरेज म्हणते की "सगळे बुश बदलून टाका," म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या धक्के झेलणाऱ्या रबरी गाद्या. पुन्हा अंदाजावर खर्च करण्यापूर्वी मला समजून घ्यायचे आहे की कोणता बुश गेला आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, रबरी बुश घ्यावेत की पीयूचे (पॉलियुरेथेनचे), आणि हे काम आमच्या शेडमध्ये करता येण्यासारखे आहे का. हत्यारे बऱ्यापैकी आहेत, चुलतभाऊ वेल्डिंगचे काम करतो.

सातपूरचा फिटर

शिवारवाट भाऊ, तुम्ही लक्षणे इतकी नीट सांगितली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. फक्त मागची तक्रार आणि पुढची तक्रार वेगळी धरा, कारण त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही.

पाट्यांवर बसवलेल्या मागच्या अॅक्सलमध्ये चाकांनी दिलेला सगळा रेटा चेसिसपर्यंत पोहोचतो तो मुख्य पाट्याचे पुढचे टोक वळवून केलेल्या डोळ्यातून. मागचे टोक शॅकलवर (चेसिसला टांगलेल्या झुलत्या दुव्यावर) झुलते, कारण पाटा दबला की त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा हवी असते. म्हणून पुढच्या स्थिर डोळ्यातला बुश झिजला की गाडी पुढे निघताना पाटा एका दिशेला सरकतो आणि रिव्हर्स घेताना विरुद्ध दिशेला. तुम्हाला जाणवणारा ठोका बहुधा तोच आहे. माल भरला की वजनाने पाटा बुशच्या एकाच बाजूला दाबून बसतो, त्याला उडायला मोकळीक राहत नाही आणि आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणजे झीज थांबली असे मात्र नाही, उलट भरलेल्या गाडीत धातूवर धातू घासण्याचा जोर जास्त असतो.

तरीही खर्च करण्यापूर्वी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्यावरचा फिरता सांधा, तपासा, कारण त्यात ढिलाई असेल तरीही गिअर बदलताना असाच ठोका बसतो. चाकांना पुढून-मागून दगड किंवा ओंडके लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना फिरवून क्रॉसच्या दोन बाजूंमध्ये हालचाल होते का ते पहा. डिफरन्शियलची थोडी मोकळीक प्रत्येक गाडीत असते, तिची क्रॉसशी गल्लत करू नका.

त्यानंतर गाडी चाकांवर उभी असतानाच खाली टॉर्च घेऊन पाट्याचा डोळा आणि हँगर (डोळा ज्यात बसतो तो चेसिसवरचा कंस) यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना समान आहे का ते पहा. बुश गेला की पाटा एका अंगाला सरकतो आणि हँगरच्या आतल्या पत्र्यावर घासून चकचकीत पट्टा उमटतो. पहार घालून हलके उचकटल्यावर आतली नळी गोलाच्या मध्यभागी न राहता खाली-वर होत असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

पुढच्या आर्मसाठी एकाला ब्रेक दाबून गाडी थोडी पुढे-मागे झटकायला सांगा आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित अंतरावर उभे राहून खालच्या आर्मच्या मागच्या बुशकडे पाहावे. ब्रेक लागला की चाक मागे ढकलले जाते. बुश ढिला असेल तर त्या बाजूचा आर्म मागे सरकतो, चाकाचा कोन बदलतो आणि गाडी ओढते. तुमची ओढ आणि डाव्या टायरची आतली झीज ही दोन्ही याच दिशेने बोट दाखवतात, पण त्याच वेळी बॉल जॉइंटही (आर्म आणि चाकाची बाजू जोडणारा गोल सांधा) हलवून पहा.

पंचवटीकर

फिटरसाहेबांच्या मुद्द्यांशी सहमत. मी एक प्रश्न विचारतो, कारण माझ्या मते मूळ तिथे आहे. गाडी धुवायला टाकल्यावर खालून डिझेल किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारून घेता का? आपल्याकडे बहुतेक धुलाई केंद्रांत हे न सांगताही करतात आणि गाडीमालकालाही बरे वाटते, कारण पाट्यांची करकर थांबते आणि खालचा पत्रा काळा-चकचकीत दिसतो. परंतु बुशचे रबर बहुतेक वेळा नैसर्गिक असते आणि ते डिझेल व खनिज तेल शोषून फुगते, मऊ पडते आणि धातूच्या नळीपासून सुटते. जो बुश चिखलाला आणि ओझ्याला पुरून उरला असता, तो या फवाऱ्यामुळे अवेळी जातो. पाट्यांच्या मधल्या थरांना ग्राफाइट ग्रीस लावणे ठीक आहे, पण तेही बुशपासून दूर ठेवावे. नवे बुश टाकल्यानंतर धुलाईवाल्याला स्पष्ट सांगा की खाली फक्त पाणी.

कोणता बुश करकरतो हे शोधायचे असेल तर साधे पाणी पुरेसे आहे. एकेका बुशवर पाणी मारून गाडी हलवत राहावे, ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज तात्पुरता थांबेल तो कोरडा पडलेला आहे असे समजावे.

देवळालीची वाहतूकदार

आमच्या घरच्या दोन पिकअप घोटी आणि इगतपुरीकडे भाजीपाला घेऊन जातात, त्यामुळे पीयूबद्दल अनुभवाने लिहिते. पीयूचे बुश तेलाला दाद देत नाहीत आणि ओझ्याखाली कमी दबतात, हे खरे आहे. मात्र ते रबरापेक्षा कडक असल्याने रस्त्याचा प्रत्येक खडबडाट चेसिसवर आणि केबिनमध्ये येतो. शिवाय त्यांची हालचाल रबरासारखी पीळ घेऊन होत नाही, ते आतल्या नळीवर प्रत्यक्ष फिरतात. म्हणून त्यांना बुशसोबत दिलेले सिलिकॉनचे ग्रीस लावावेच लागते आणि आपल्याकडच्या काळ्या चिखलात ते ग्रीस टिकत नाही. ग्रीस गेले की आवाज सुरू होतो. आम्ही स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याला) पीयू ठेवले आहेत आणि समाधानी आहोत, पण पाट्यांच्या डोळ्यात आणि आर्ममध्ये पुन्हा मूळ कंपनीच्या सुट्या भागांतले रबरी बुशच टाकले.

शिवारवाट दादा, तुमची गाडी मजुरांनाही घेऊन जाते म्हणता, तेव्हा ब्रेक लावल्यावरची ओढ पुढच्या हंगामापर्यंत ढकलू नका. मागचा आवाज एक वेळ थांबू शकतो, पुढचे काम थांबू शकत नाही.

शिवारवाट

सर्वांचे आभार. देवळालीच्या ताईंनी सांगितलेले पटले आणि आजच गाडी उभी करून तपासली.

क्रॉस घट्ट आहे. मागच्या उजव्या पाट्याच्या पुढच्या डोळ्याभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी जमली होती आणि ती पुसल्यावर बुशच्या आतली नळी गोलाच्या तळाला टेकलेली दिसली. वरच्या बाजूला रबर उरलेलेच नाही, खालच्या बाजूला त्याची काळी पापडी हाताने सुटून आली. हँगरच्या आतल्या अंगाला तुम्ही म्हणता तसा चकचकीत पट्टा आहे. डाव्या बाजूचा बुश बरा वाटतो, पण त्यालाही तडे आहेत. शॅकलचे बुश दोन अर्ध्या तुकड्यांचे आहेत आणि चारही कडेने फुगून बाहेर आले आहेत. डिझेलचा फवारा आम्ही प्रत्येक धुलाईला मारून घेत होतो.

पुढे डाव्या खालच्या आर्मचा मागचा बुश ब्रेक दाबताच स्पष्ट सरकतो. बॉल जॉइंट ठीक आहेत. आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते सविस्तर सांगावे, विशेषतः टॉर्शन बारबद्दल, कारण त्याची मला भीती वाटते.

सातपूरचा फिटर

भीती वाटणे योग्यच आहे, म्हणून क्रमाने जाऊ. बुश नेहमी जोडीने बदला, डावा-उजवा दोन्ही, नाहीतर दोन बाजूंचा कडकपणा वेगळा राहतो.

जॅक लावण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर रिकामी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागणार आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे.

मागचे काम आधी घ्या. चेसिस पक्क्या घोडीवर (आधाराच्या स्टँडवर) टेकवा, केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दुसरा जॅक अॅक्सलखाली लावून तो इतकाच वर-खाली करा की पाट्यावर ओढही राहणार नाही आणि दाबही राहणार नाही. ती जागा सापडली की डोळ्यातला बोल्ट हलक्या ठोक्याने निघतो. जुन्या गाडीत मात्र बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटलेला असतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. तरीही सुटला नाही, तर हँगर आणि बुश यांच्यामधल्या फटीतून पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा लागेल. तो पुन्हा वापरायचा नसल्यामुळे नवे बोल्ट आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारे) आधीच आणून ठेवा.

बुश निघाल्यावर त्याचे बाहेरचे कवच अनेकदा पाट्याच्या डोळ्यातच राहते. हॅकसॉचे पाते डोळ्यातून घालून कवचाला आतून एक उभा छेद द्या, पाट्याच्या पोलादाला लागण्याआधी थांबा आणि बारीक छिन्नीने कवच आत दुमडून काढा.

पुढच्या बाजूला आर्म सोडण्यापूर्वी टॉर्शन बारचा ताण उतरवायचा असतो. समायोजनाच्या बोल्टचा नटाबाहेर दिसणारा भाग मोजून लिहा, बार आणि त्याचे दोन्ही टोकांचे जोड यांवर रंगाची खूण करा, आणि उजवा-डावा बार एकमेकांशी बदलू देऊ नका. चेसिस घोडीवर आणि चाक हवेत असताना बोल्ट पूर्ण सैल करा. ताण पूर्ण उतरल्याशिवाय बॉल जॉइंटला हात लावू नका. पुढे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीवाल्यांनी या मजकुरावर विसंबून काम करू नये, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतते आणि तिथे स्प्रिंग आवळण्याचे योग्य हत्यार लागतेच.

गंगापूररोड मेकॅनिक

एवढी कापाकापी कशाला? गॅस कटरने रबर जाळून टाकावे, कवच तापून ढिले होते आणि चटकन काम उरकते. अनेक ठिकाणी असेच करतात.

सातपूरचा फिटर

अनेक ठिकाणी करतात हे मान्य, परंतु मी त्याविरुद्ध स्पष्टपणे बोलेन. पाट्याला त्याची लवचीकता उष्णता-प्रक्रियेतून मिळालेली असते. डोळ्याजवळ ज्योत फिरवून पोलाद लाल केले की ती प्रक्रिया तिथल्यापुरती नष्ट होते, आणि पाटा पुढे नेमका तिथेच उघडतो किंवा तुटतो. पुढचा डोळा तुटणे म्हणजे त्या बाजूचा अॅक्सल चेसिसपासून मोकळा होणे आहे. जळत्या रबराचा धूर फुफ्फुसांना घातक असतो आणि जवळच ब्रेकची नळी व डिझेलची लाइन असते. अर्धा तास वाचवण्यासाठी हा धोका घेण्यासारखा नाही.

अंबडचा लेथ

मी अंबड औद्योगिक वसाहतीत लेथचे काम करतो, त्यामुळे बुश बसवण्याबद्दल लिहितो. आर्म सुटा करून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये नेल्यास काम थोड्या वेळात होते. घणाने ठोकून बसवलेला बुश मला दाखवला तर तो मी बहुतेक वेळा ओळखतो, कारण त्याची कडा तिरपी झालेली असते. दाब नेहमी बुशच्या बाहेरच्या कवचावर यावा, आतल्या नळीवर किंवा रबरावर येता कामा नये. त्यासाठी कवचाच्या मापाचा पाइपचा तुकडा लागतो आणि पलीकडून आर्मला आधार देणारा थोडा मोठा तुकडा लागतो. प्रेस नसेल तर जाड आट्यांचा दांडा, दोन नट, जाड वायसर आणि हेच पाइपचे तुकडे वापरून बुश ओढून घेता येतो.

डोळ्याच्या आतला गंज एमरी पेपरने साफ करा, पण घासून माप वाढवू नका. काही बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या असतात आणि कडेला खूण असते. त्या खाचांमुळे बुश एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहतो, म्हणून जुना बुश काढण्याआधी खुणेची दिशा आर्मवर खडूने लिहून घ्या. शॅकलचे अर्धे तुकडे साबणाच्या पाण्याने हातानेच बसतात, तिथे ग्रीस किंवा ऑइल लावू नका.

शिवारवाट

बुश, बोल्ट आणि नट आणले आहेत. एकच शंका उरली आहे. आमची गाडी बहुतेक वेळ भरलेली धावते. मग बोल्ट शेवटचे आवळताना गाडी रिकामी असावी की भरलेली?

सातपूरचा फिटर

फार मोलाचा प्रश्न विचारलात, कारण बहुतेक नवे बुश याच टप्प्यावर खराब केले जातात.

रबरी बुशमध्ये काहीही घसरत नाही. बाहेरचे कवच डोळ्यात घट्ट असते, आतली नळी बोल्ट आवळल्यावर हँगरच्या दोन पत्र्यांत घट्ट धरली जाते, आणि पाटा किंवा आर्म हलला की मधले रबर पीळ घेते व परत येते. म्हणजे बोल्ट ज्या स्थितीत आवळला, ती त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. चाके हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळून गाडी खाली उतरवली, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेले राहते, खड्ड्यात चाक वर गेले की तो पीळ आणखी वाढतो आणि रबर नळीपासून फाटून सुटते. मग दोष बुशच्या मालाला दिला जातो.

म्हणून घोडीवर असताना सगळे बोल्ट केवळ हाताने बसतील इतकेच आवळा. गाडी चाकांवर उतरवा, बॉडी दाबून काही वेळा वर-खाली हलवा, थोडी पुढे-मागे ढकला, आणि मग टॉर्क रेंचने कंपनीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे अंतिम आवळा. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल, तर गाडी रिकामी आणि चाकांवर उभी हीच स्थिती धरावी, कारण भरलेल्या स्थितीत आवळल्यास रिकाम्या परतीच्या प्रवासात रबर उलट दिशेने पिळले जाईल. पुढच्या आर्मच्या बोल्टपर्यंत रेंच पोहोचत नसेल, तर चेसिस घोडीवर ठेवून आर्मखाली जॅक लावा आणि सुरुवातीला लिहून ठेवलेले चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर येईपर्यंत आर्म उचला. टॉर्शन बारचा बोल्ट मात्र त्याआधी मूळ मापावर आणून ठेवा.

शिवारवाट

काम पूर्ण झाले. उजव्या पाट्याचा बोल्ट अपेक्षेप्रमाणे कापावाच लागला, बाकीचे सुटले. आर्म अंबडला नेऊन प्रेसवर बुश बसवून घेतले आणि उंचीची मापे लिहून ठेवल्यामुळे शेवटचे आवळणे निर्धास्तपणे करता आले. आता रिव्हर्स घेताना ठोका नाही आणि रिकामी गाडी गतिरोधकावरून शांतपणे उतरते. ब्रेकची ओढही गेली आहे, मात्र स्टिअरिंग सरळ धरले की गाडी किंचित उजवीकडे जाते.

पंचवटीकर

आर्मचे बुश बदलले की चाकांचे कोन बदलतातच, त्यामुळे अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरू नका. केवळ टो (चाकांची पुढची टोके आत-बाहेर वळण्याचा कोन) नव्हे, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) मोजायला सांगा आणि आधीचे व नंतरचे आकडे छापील घ्या. त्याआधी दोन्ही बाजूंची उंची समान आहे का ते पहा, कारण टॉर्शन बारमध्ये फरक राहिला असेल तर अलाइनमेंटचा उपयोग होणार नाही. आतून खाल्लेला टायर पुढे ठेवून मोजमाप करू नका.

देवळालीची वाहतूकदार

छान झाले, दादा. पाटा सोडताना यू-बोल्ट (पाटा अॅक्सलला आवळून धरणारे) ढिले केले होते का? केले असतील तर नवेच टाकायला हवे होते, कारण एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाहीत.

शिवारवाट

यू-बोल्टला हात लावावा लागला नाही, ताई, पुढचे टोक खाली उतरवूनच काम झाले. उद्या नाशिकला अलाइनमेंटसाठी गाडी नेतो आहे. पाट्यांचे आणि आर्मचे बोल्ट पुन्हा तपासायचे का?

सातपूरचा फिटर

हो. काही शे किलोमीटर धावल्यावर टॉर्क रेंचने सगळे एकदा तपासा आणि तेही गाडी चाकांवर उभी असतानाच. प्रत्येक नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवलीत, तर पुढे नट फिरला आहे की नाही हे टॉर्च मारून लगेच दिसेल.